चढाई करणाऱ्याचे पुढे काय?

आंतरमहाविद्यालयीन सामन्यांचे दिवस आले की नोटीस बोर्डावर एक नाव ठळक अक्षरांत झळकू लागते. ते कबड्डीच्या संघात चढाई करणाऱ्याचे असेल किंवा फुटबॉलच्या संघात गोल मारणाऱ्याचे असेल. त्या दिवसांत प्राचार्य त्याला नावाने हाक मारतात, कँटीनवाला चहाचे पैसे घेत नाही आणि वार्षिक अंकात ढाल हातात धरलेले त्याचे छायाचित्र छापून येते. दोन वर्षांनी तोच मुलगा हजेरीपटावर आहे की नाही, हे मात्र सहसा कोणी पाहात नाही. एखाद्या सामन्यात गुडघा मुरगळतो, परीक्षा हुकते, वर्ष बुडते आणि पेडण्याच्या बसमधून रोज येणारा तो मुलगा एके दिवशी यायचा थांबतो. त्याच्या जागी दुसरा चढाई करणारा आलेला असतो.

ह्या लेखात मला एवढाच प्रश्न विचारायचा आहे: ज्याच्या पायांच्या बळावर महाविद्यालयाने ढाल मिळवली, त्याच्या त्या पायांचे काही देणे महाविद्यालय लागते की नाही? माझ्या मते लागते. आणि ते देणे मेहेरबानी म्हणून नव्हे, नियम म्हणून फेडले गेले पाहिजे.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. जगात ज्या देशाने महाविद्यालयीन खेळाचा सर्वांत मोठा बाजार मांडला, त्या अमेरिकेत तो गेली सत्तर वर्षे न्यायालयांतून फिरतो आहे. म्हणून आधी तिकडे एक नजर टाकू.

अमेरिकन फुटबॉल हा आपल्या फुटबॉलहून अगदी निराळा खेळ. चेंडू लांबट असतो, तो हातात धरून पळायचे असते, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. ह्या खेळात ‘रनिंग बॅक’ नावाचा एक खेळाडू असतो. त्याने चेंडू छातीशी धरून प्रतिपक्षाच्या अकरा धिप्पाड गड्यांच्या भिंतीत शिरायचे आणि त्यांनी पाडेपर्यंत पळायचे. एका सामन्यात वीस-पंचवीस वेळा त्याला असे पाडले जाते. त्याचे काम आपल्याला परके वाटायला नको. समोर सात गडी, आत शिरणारा एकटा, सर्वांचे डोळे त्याच्या पायांवर: आपल्या हुतूतूतला चढाई करणारा तो हाच. फरक एवढाच की, तिथे चेंडू घेऊन पुढे पळायचे असते आणि इथे दम धरून गडी मारून मागे परतायचे असते.

ह्या रनिंग बॅकची कारकीर्द फार थोडी असते. व्यावसायिक खेळात तो सरासरी तीन वर्षेही टिकत नाही असे तिकडे सांगतात. शिवाय माध्यमिक शाळा सोडल्यावर तीन वर्षे होईपर्यंत व्यावसायिक संघात शिरायलाच बंदी असल्यामुळे त्याच्या पायांची सर्वांत चांगली वर्षे महाविद्यालयासाठी खर्च होतात. त्या खेळातून विद्यापीठे तिकिटांचे आणि दूरचित्रवाणीचे कोट्यवधी डॉलर कमावतात. खेळणाऱ्याला मात्र कित्येक दशके शिष्यवृत्तीपलीकडे दमडीही घेण्याची मुभा नव्हती.

केंट वॉल्ड्रेप हा टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटीचा रनिंग बॅक. ऑक्टोबर १९७४ मध्ये अलाबामाविरुद्धच्या सामन्यात तो मानेवर पडला आणि मानेखालचे शरीर लुळे पडले. पुढे त्याने मागणी केली की, मी विद्यापीठासाठी राबत होतो, तेव्हा कामगाराला जशी भरपाई मिळते तशी मला मिळावी. खटला वर्षानुवर्षे चालला. अखेर २००० साली टेक्सासच्या अपील न्यायालयाने निकाल दिला की, तो नोकर नव्हता, विद्यार्थी होता. त्याआधी १९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस महाविद्यालयाचा रे डेनिसन हा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला होता. त्याच्या विधवेलाही त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये भरपाई नाकारली.

इथे एका शब्दाची हकीगत सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणारी एनसीएए ही संस्था खेळाडूंना ‘विद्यार्थी-खेळाडू’ म्हणते. ऐकायला किती छान शब्द! पण त्या संस्थेचे १९५१ ते १९८८ पर्यंत प्रमुख असलेले वॉल्टर बायर्स ह्यांनीच निवृत्तीनंतर, १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात, लिहून ठेवले की खेळाडूंना नोकर ठरवून भरपाई द्यावी लागू नये ह्या धास्तीतून हा शब्द घडवला आणि सर्वत्र रूढ केला. विद्यार्थी म्हटले की मजुरी नको, आणि खेळाडू म्हटले की वर्गात बसवण्याचा आग्रह नको! एकाच शब्दाने दोन्ही जबाबदाऱ्या टळल्या. आपण ‘खेळाडू विद्यार्थी’ म्हणतो तेव्हा आपल्या मनात काय असते, हे ह्या निमित्ताने तपासून पाहायला हरकत नाही.

आता अलीकडचे उदाहरण. साउथ कॅरोलायना विद्यापीठाचा मार्कस लॅटिमोर २०१० साली पहिल्याच वर्षी १,१९७ यार्ड पळाला आणि देशभर गाजला. २०११ मध्ये त्याचा डावा गुडघा गेला. तो बरा करून परत उतरला, तर ऑक्टोबर २०१२ मध्ये टेनेसीविरुद्ध उजवा गुडघा सांध्यातून निखळला. २०१३ साली एका व्यावसायिक संघाने त्याला घेतले खरे, पण एकही सामना न खेळता नोव्हेंबर २०१४ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. विशीत असलेल्या तरुणाची निवृत्ती! हे नुसते दैव म्हणून सोडून देता येत नाही. त्या कामातच गुडघ्याचा जोखा आहे, हे त्याला मैदानात उतरवणाऱ्या प्रत्येकाला आधीपासून ठाऊक असते.

हळूहळू तिथेही बदल झाला. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमुखाने एनसीएएविरुद्ध निकाल दिला आणि त्याच वर्षी खेळाडूंना आपल्या नावाच्या जाहिरातीतून पैसे मिळवण्याची मोकळीक मिळाली. जुलै २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची परवानगी झाली. पण माझ्या मते ह्या पैशांपेक्षा महत्त्वाचे नियम ऑगस्ट २०२४ पासून वरच्या श्रेणीच्या विद्यापीठांना लागू झाले: खेळताना झालेल्या दुखापतीचा उपचारखर्च खेळाडू बाहेर पडल्यावरही किमान दोन वर्षे विद्यापीठाने सोसायचा, आणि ज्यांना पूर्ण शिष्यवृत्ती होती त्यांची पदवी अपुरी राहिली असेल तर दहा वर्षांपर्यंत ती पुरी करायला मदत करायची. लाखो डॉलरची गोष्ट आपल्याला लागू नाही. पण दोन वर्षांचा उपचार आणि अपुऱ्या पदवीची आठवण ह्या गोष्टी आपल्या आवाक्यातल्या आहेत.

कोणी म्हणेल, आपल्याकडे कुठे आहे असला बाजार? मी म्हणतो, आहे. लहान आहे, पण आहे. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि मातीतल्या खेळाला लिलावाचा भाव आला. ह्या लीगमधले आपल्या शेजारचे नाव म्हणजे सिद्धार्थ देसाई. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातले हुंदळेवाडी हे त्याचे गाव. चंदगड म्हणजे बेळगावला लागून आणि गोव्याच्या घाटमाथ्यावर. पेडण्याच्या माणसाला काही ते परक्या मुलखासारखे नाही. २०१८ मध्ये यू मुंबा संघाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतले. पहिल्याच मोसमात त्याने चढाईचे २१८ गुण मिळवले. २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यावर १ कोटी ४५ लाख रुपये लावले. मग २०२१-२२ च्या मोसमात खांद्याच्या दुखापतीने तो सुरुवातीलाच बाहेर पडला, आणि २०२२ च्या लिलावात त्याची बोली २० लाखांवर आली. २०२३ मध्ये हरियाणा स्टीलर्सने त्याला पुन्हा एक कोटीला घेतले.

हे आकडे कौतुकासाठी किंवा हळहळीसाठी दिलेले नाहीत. माणूस तोच, खेळाची जाण तीच. पण एका खांद्याने किंमत सातपटींनी खाली आली आणि खांदा सावरताच पाचपट वर गेली. चढाई करणाऱ्याच्या शरीराला बाजार असा तोलतो. आणि सिद्धार्थ हा ह्या खेळातला भाग्यवान. लीगमध्ये १२ संघ, प्रत्येकात वीस-बावीस खेळाडू. म्हणजे सगळे मिळून तीनशेही नाहीत. इकडे गोवा, कोकण, कोल्हापूर आणि बेळगाव एवढ्याच टापूत गावोगावच्या मंडळांतून आणि महाविद्यालयांतून चढाई करणारी मुले हजारांनी असतील. लिलावाच्या यादीत नाव नसलेल्या ह्या मुलांच्या गुडघ्यांना कोणता भाव?

चढाईत गुडघा का जातो हे जरा समजून घेतले पाहिजे. चढाई करणारा सात जणांच्या पुढ्यात एका पायावर गिरकी घेतो. त्याच वेळी कोणी घोटा पकडतो, कोणी मांडी, आणि बाकीचे वरून कोसळतात. पाय जमिनीला रोवलेला, शरीर फिरलेले, वर चार जणांचे वजन. गुडघ्याच्या आतला अस्थिबंध अशा वेळी तुटतो. बाहेरून सूज दिसते. ती आठवड्यात उतरते, आणि मुलाला वाटते बरे झाले. गावात तेल लावून पाय चोळला जातो आणि पंधरा दिवसांनी तो पुन्हा मैदानात उतरतो. खरा ऱ्हास तिथे होतो. तुटलेला अस्थिबंध नीट करायचा तर शस्त्रक्रिया आणि त्यानंतर कित्येक महिन्यांचा व्यायाम लागतो. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे, २०१६ पासून राज्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. पण पार्से किंवा आगरवाड्यासारख्या गावातून आठवड्याला तीनदा बांबोळी गाठून व्यायाम करून यायचे म्हणजे दिवसाचा दिवस जातो. आणि त्या दिवसाची हजेरी कोण लावणार?

आपल्याकडे खेळाडूला सांभाळणारी एक जुनी व्यवस्था होती, तीही आता विरत चालली आहे. गोव्यात फुटबॉल वाढला तो खाण-कंपन्यांच्या आश्रयाने. साळगावकर, धेंपो, सेझा ही नावे जेवढी खनिजाची तेवढीच फुटबॉलची. ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक ह्याच मातीतून भारताचा कर्णधार झाला. धेंपो संघाने पाच वेळा देशाचे विजेतेपद मिळवले. डिचोली तालुक्यात साखळीला सेझाने १९९९ साली फुटबॉल अकादमी काढली. अशा संघात शिरलेल्या मुलाला खेळाबरोबर पोटापाण्याचीही आशा असे. पुढे काय झाले? २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, मध्ये काही काळ सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. २०१६ मध्ये साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग ह्या तीन संघांनी राष्ट्रीय लीगमधून माघार घेतली. तिच्या भवितव्याविषयी फुटबॉल महासंघाशी झालेला बेबनाव हे त्या माघारीचे कारण होते. तसेच ज्या एअर इंडियाच्या संघातून कितीतरी खेळाडू पुढे आले, ती कंपनी जानेवारी २०२२ मध्ये सरकारच्या हातून खाजगी हातात गेली. म्हणजे ‘खेळ, पुढे नोकरी लागेल’ हे वडीलधाऱ्यांचे आश्वासन आता पूर्वीसारखे खात्रीचे राहिलेले नाही. मग मुलाच्या हातात उरते काय? त्याची पदवी. आणि नेमकी तीच आपण खेळापायी अर्धी ठेवू देतो.

महाविद्यालयाने खेळाडूसाठी काय करावे, ह्याचे आपल्याकडचे सर्वांत मोठे उदाहरण खाशाबा जाधवांचे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकत होता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो सहावा आला. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर कुस्त्यांचे फड लावून त्यांनी प्राचार्यांचे घर सोडवले असे सांगतात.

ही गोष्ट वर्गावर्गांतून सांगितली जाते, आणि सांगितलीच पाहिजे. पण तिचा उत्तरार्ध आपण गाळतो. पदकानंतर तीन वर्षांनी, १९५५ मध्ये, खाशाबा पोलीस खात्यात सबइन्स्पेक्टर झाले. निवृत्तीनंतर निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. १९८४ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात ते गेले आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. प्राचार्य खर्डेकरांचे मोठेपण वादातीत आहे. पण जिथे एका खेळाडूसाठी एका प्राचार्याला घर गहाण टाकावे लागते, तिथे व्यवस्था नावाची गोष्ट नव्हती असाच त्याचा अर्थ होतो. प्रत्येक महाविद्यालयाला खर्डेकर लाभतील अशी अपेक्षा करता येणार नाही. आणि लाभले तरी त्यांच्या घरावर खेळाचा डोलारा उभा करणे न्यायाचे नाही.

आता आक्षेपांकडे वळतो. आमच्या प्राध्यापकांपैकी काही जण म्हणतील, ही खेळाडू मुले सामना नसतानाही तासाला बसत नाहीत. खेळाचे निमित्त करून सवलती उकळतात. गोव्यात तर दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुणही मिळतात, मग आणखी काय द्यायचे? ह्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण खेळाडूने तासाला बसावे असे वाटत असेल, तर तसा आग्रह धरायचे काम कोणाचे? हंगामात आपणच त्याला सांगतो, ‘तू सरावाला जा, तासाचे आम्ही बघून घेऊ.’ ते ‘बघून घेणे’ म्हणजे त्याचे शिक्षण सोडून देणे, हे त्याला तिसऱ्या वर्षी कळते. सवलत देणे सोपे आहे, शिकवणे कष्टाचे आहे. मी सवलती वाढवा असे म्हणत नाही. सवलतीऐवजी शिकवणी द्या असे म्हणतो.

दुसरा आक्षेप पैशांचा. ग्रामीण महाविद्यालयाकडे प्रयोगशाळेची काच बदलायला पैसे नसतात, तिथे खेळाडूच्या शस्त्रक्रियेचा खर्च कुठून? प्रश्न रास्त आहे. पण जिमखान्याची फी प्रत्येक विद्यार्थी भरतो, आणि त्यातून गणवेश, चषक, सत्कार ह्यांवर खर्च होतोच. त्यातला थोडा भाग बाजूला काढून संघात निवडलेल्या प्रत्येकाचा अपघात विमा उतरवला, तर दोन चषक कमी येतील, इतकेच. शिवाय मी मागतो आहे त्यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसाच लागत नाही, इच्छा लागते.

तिसरा आक्षेप घरचा, आणि तो सर्वांत जुना: ‘खेळून पोट भरते काय रे?’ आईबापांचे हे म्हणणे आपण हसण्यावारी नेतो. वर दिलेले आकडे पाहिले तर ते हसण्यासारखे नाही. मात्र त्याचा निष्कर्ष ‘खेळू नको’ असा काढणे चूक. खेळ अंगात जी शिस्त, जी धिटाई आणतो, ती अन्य कशाने येत नाही. निष्कर्ष असा हवा की, खेळ संपेल त्या दिवसाची तयारी खेळ सुरू होईल त्या दिवशी करावी.

तेव्हा माझ्या सूचना अशा. संघात निवड झाल्याबरोबर खेळाडूचा विमा उतरावा आणि विम्याचे कागद त्याच्या घरी पोचते करावेत. खेळताना दुखापत झाल्यास वैद्याने ‘खेळ’ म्हटल्याखेरीज त्याला मैदानात उतरवू नये. हा निर्णय प्रशिक्षकाचा नसावा आणि कर्णधाराचा तर मुळीच नसावा, कारण दोघांनाही सामना जिंकायचा असतो. सामन्यामुळे हुकलेली हजेरी जशी माफ होते तशीच दुखापतीच्या उपचारात गेलेली हजेरीही माफ व्हावी, आणि हुकलेल्या परीक्षेसाठी विद्यापीठाकडे लिहिण्याचे काम त्या मुलाने नव्हे, क्रीडा विभागाने करावे. खेळावर फी-माफी मिळाली असेल, तर तो खेळू शकला नाही तरी ती पदवी पुरी होईपर्यंत चालू राहावी. हंगाम संपल्यावर महिनाभर प्रत्येक खेळाडूसाठी एका प्राध्यापकाने बुडालेल्या भागाची शिकवणी घ्यावी. आणि शेवटचे: क्रीडा विभागाच्या वार्षिक अहवालात किती ढाली मिळाल्या ह्याच्याबरोबर, तीन वर्षांपूर्वी संघात आलेल्यांपैकी किती जणांनी पदवी घेतली हाही आकडा छापावा. हा एक आकडा छापायला लागलो, की बाकीच्या पाचही गोष्टी आपोआप होऊ लागतील.

खेळाडू मित्रांनाही दोन शब्द. तुम्ही प्रतिपक्षाच्या अंगणात शिरता तेव्हा मध्यरेषेकडे एक डोळा ठेवूनच शिरता. किती आत गेलो, परतायला किती अंतर आहे, किती सेकंद उरले, हा हिशेब सुटला की गडी बाद. महाविद्यालयातल्या तीन वर्षांचा हिशेबही तसाच ठेवा. ‘सर सांभाळून घेतील’ ह्या भरवशावर राहू नका. जिमखान्याच्या फीचा जमाखर्च मागा, विमा उतरला का विचारा, परीक्षेचा अर्ज स्वतः भरा. मागण्यात कमीपणा नाही. जे आपल्या घामावर मिळवले गेले, त्यातलाच हा वाटा आहे.

हा अंक मराठी आणि कन्नड अशा दोन भाषांत निघतो. आपापल्या विभागात आपण आपापले लेखक वाचतो; पण कबड्डीच्या मैदानावर आपला संघ एकच असतो, आणि गुडघा मोडला की मराठी मुलगा आणि कन्नड मुलगा एकाच बाकावर पाय लांब करून बसतात. म्हणून कन्नड विभागाच्या मित्रांनी ह्या विषयावर पुढच्या अंकात आपले मत मांडावे, आणि दोन्ही विभागांनी मिळून जिमखाना समितीपुढे एक अर्ज ठेवावा अशी माझी विनंती आहे. ह्या वर्षीचे संघ निवडले जाण्याआधी तो अर्ज गेला, तर निदान ह्या वर्षीच्या मुलांना त्याचा उपयोग होईल.